ओट्याच्या दगडाची जाडी कोण ठरवतं?

घरकुलाचं काम निघालं किंवा गटाच्या कर्जातून स्वयंपाकघर नीट करायचं ठरलं, की ओट्याच्या रंगावर घरभर चर्चा होते. जाडी मात्र परस्पर मिस्त्री ठरवतो. आज त्या जाडीचाच इतिहास पाहू.

आपल्या आज्या-पणज्या दगड ओळखून होत्या. जातं, पाटा-वरवंटा, उखळ, सगळं दगडाचं. जात्याला टाकी कधी लावायची, हे बाईलाच कळायचं. पण चूलही जमिनीवर आणि पाटाही जमिनीवर. दगडाखाली भुईचा आधार होता.

मग शहाबादी फरशी आली. शहाबाद हे कर्नाटकात, कलबुर्गी जिल्ह्यात. १८७१ साली सोलापूरकडची रेल्वे शहाबादवरून रायचूरला पोहोचली आणि फरशी दूरवर नेणं सोपं झालं. हा चुनखडीचा, थराथरांचा दगड. खाणीत थर सुटेल तशी फरशी निघायची. म्हणजे जाडी निसर्गानेच ठरवलेली. आंध्रातला काळा कडप्पाही चुनखडीचाच. म्हणून लिंबू-चिंच सांडली की त्यावर डाग पडतात.

गॅस आला आणि बाई उभी राहून स्वयंपाक करू लागली. शेगडी सिलिंडरपेक्षा उंच हवी, म्हणून ओटा हवा. आधी शहरात, मग २०१६ च्या उज्ज्वला योजनेनंतर खेड्यातल्या कितीतरी घरांत शेगडी आली. आता दगड दोन आधारांच्या मधे अधांतरी राहू लागला. जाडीचा प्रश्न खरा इथे सुरू झाला.

त्यात ग्रॅनाइट आला. त्याला असे थर नसतात. तो यंत्राच्या करवतीने कापतात. म्हणजे जाडी आता माणूस ठरवतो आणि पातळ कापला की एका ठोकळ्यातून लाद्या जास्त निघतात.

हिशेब लक्षात ठेवा. आधारांमधलं अंतर तेच असेल, तर दुप्पट जाडीचा दगड चौपट भार पेलतो. १५ ऐवजी २० मिलीमीटर घेतला, तरी ताकद जवळजवळ पावणेदोन पट होते. खाली कडप्प्याची सलग लादी असेल, तर १८ ते २० मिलीमीटर पुरे. खाली लादी नसेल, तर आधार जवळजवळ घ्या किंवा ३० मिलीमीटरचा दगड घ्या. पण वजनही बघा. २० मिलीमीटरचा एक चौरस फूट ग्रॅनाइट साधारण ५ किलो भरतो, ३० चा साडेसात.

दर्शनी कडेला खालून पट्टी चिकटवली की पातळ दगडही जाड दिसतो. म्हणून पट्टी लावण्याआधी, दगड दुकानात असतानाच मापून घ्या. सिंकसाठी कापलेल्या भागापुढची चिंचोळी पट्टी सगळ्यात नाजूक असते, तिला खालून आधार द्यायला सांगा. खलबत्ता कुटायचा तो आधाराच्या वर, पुढे आलेल्या कडेवर नाही.

ओट्यासमोर रोज उभं आपल्याला राहायचंय. तेव्हा बिलावर रंगाबरोबर जाडीही लिहून घ्या, आणि दुकानात जाताना मोजपट्टी पिशवीत टाका.