प्राचीन ग्रीक गृहजीवनातील सूतकताई

प्राचीन ग्रीसमधील वस्त्रोद्योगाचा विचार करताना अभ्यासकांचे लक्ष प्रथम मागाकडे जाते. पेनेलोपीने सासऱ्याचे प्रेतवस्त्र दिवसा विणले व रात्री उकलले, आणि हा क्रम तीन वर्षे चालविला, ही 'ओडिसी'तील कथा सर्वश्रुत आहे. त्या मागावरील सूत कोणी कातले, हा प्रश्न मात्र सहसा उपस्थित होत नाही. वस्तुतः लोकरीचे वस्त्र होईपर्यंतच्या श्रमांत सर्वांत मोठा वाटा कताईचा होता.

चरखा ग्रीकांना अज्ञात होता. युरोपात तो मध्ययुगात आला. ग्रीक स्त्रीचे साधन आपल्याकडील टकळीच्या जातीचे होते. एका हातात लोकर गुंडाळलेली काठी, दुसऱ्या हाताने फिरविलेली लोंबती चाती, आणि चातीस वजन व वेग देणारी मातीची अगर दगडाची चकती, एवढाच तो सरंजाम. लाकडी भाग बहुतेक नष्ट झाले आहेत. चकत्या मात्र उत्खननांत विपुल सापडतात. हलक्या चकतीवर बारीक व जड चकतीवर जाड सूत निघते, त्यामुळे चकतीच्या वजनावरून सुताच्या पोताचे अनुमान करता येते. कोपनहेगन येथील वस्त्रसंशोधन केंद्रात झालेल्या प्रयोगांत निष्णात हातांनी कातलेले सूत ताशी सुमारे ३५ ते ५० मीटर भरले. दोन मीटर लांब व दीड मीटर रुंद वस्त्रात दर सेंटिमीटरला उभे दहा व आडवे दहा धागे धरल्यास सुमारे ६ किलोमीटर सूत लागते. म्हणजे निव्वळ कताईचेच १२० ते १७० तास. विणकाम त्यानंतरचे.

कताईपूर्वी लोकरीचे पेळू करण्यासाठी मांडीवर 'एपिनेत्रोन' नावाचे अर्धनळीसारखे मातीचे आवरण ठेवीत. त्याचा पृष्ठभाग खवल्यांसारखा खरबरीत असे. एरेट्रिया येथे सापडलेला, इ. स. पू. ४२५ च्या सुमाराचा सुंदर नमुना अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहे. त्यावर पुराणकथांतील नववधूंची चित्रे आहेत. तो वापरण्यापेक्षा मिरविण्याचाच असावा. अशी चित्रे पाहून कताई हे कुलस्त्रीचे भूषण होते, एवढाच निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन संग्रहालयातील, अमासिस-चित्रकाराचा म्हणून ओळखला जाणारा छोटा तैलकुंभ (इ. स. पू. सहावे शतक) यास पूरक पुरावा देतो. त्यावर कातणाऱ्या व विणणाऱ्या स्त्रियांबरोबरच तराजूत लोकर तोलणाऱ्या स्त्रियाही आहेत. तोलून दिलेली लोकर म्हणजे हिशेबाने दिलेले काम. झेनोफनच्या गृहव्यवस्थाविषयक संवादात इस्खोमाखस सांगतो की, पंधरा वर्षेही पूर्ण न झालेली आपली वधू दासींना कताई कशी वाटून द्यावी, हे पाहून आली होती.

झेनोफननेच नोंदविलेला दुसरा प्रसंग अधिक बोलका आहे. इ. स. पू. ४०४-४०३ च्या यादवीत अरिस्तार्खसच्या घरी नातलग स्त्रिया आश्रयास आल्या, स्वतंत्र माणसांची संख्या चौदा झाली आणि उत्पन्न थांबले. स्वतंत्र कुळातील स्त्रियांना कामास लावणे त्याला अप्रशस्त वाटत होते. सॉक्रेटिसच्या सल्ल्याने त्याने कर्ज काढून लोकर आणली. स्त्रिया कातू लागल्या, घरातील कुरबूर थांबली. पुढे त्यांची एकच तक्रार उरली: घरात बसून खाणारा आता केवळ अरिस्तार्खस! ज्या कौशल्याचे मोल शांततेच्या काळात कोणी मांडले नाही, त्यावरच हे घर तगले.

इ. स. पू. ३३० च्या सुमाराच्या, दास्यमुक्तीशी संबंधित मानल्या जाणाऱ्या अथेन्सच्या शिलालेखांत १०० द्राख्मा वजनाच्या चांदीच्या वाट्यांच्या अर्पणाची नोंद आहे. त्यांतील स्त्रियांच्या नावांपुढे सर्वाधिक वेळा 'तालासिउर्गोस', म्हणजे लोकरकाम करणारी, हा शब्द येतो. या स्त्रिया बाजारासाठी काम करीत होत्या, की हा शब्द केवळ घरकामाचा निर्देश करतो, याविषयी मतभेद आहे. तथापि घर आणि बाजार यांची अशी काटेकोर विभागणी अरिस्तार्खसच्या घराला लागू पडत नाही; तेथे त्याच चातीने कुटुंबाची वस्त्रेही होत आणि धान्यही येई.