जुन्या ट्रकची तेलगळती : क्रँकशाफ्टवरील सीलच्या जागेची दुरुस्ती

मुंबई-नाशिक महामार्गावरील शहापूर तालुका कसारा घाटाला भिडतो, तर मुरबाडहून जाणारा रस्ता माळशेज घाट चढतो. विटा, खडी आणि भाताचा पेंढा वाहणारे जुने ट्रक या दोन्ही तालुक्यांत आजही दिसतात. अशा गाडीच्या इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्याखाली तेल ठिबकू लागले, की मागचे ऑइल सील बदलले जाते. आणि अनेकदा थोड्याच दिवसांत तेल पुन्हा ठिबकू लागते. दोष नव्या सीलचा असतोच असे नाही. क्रँकशाफ्टच्या ज्या गुळगुळीत पट्ट्यावर सीलची कड टेकते, तो पट्टाच झिजलेला असतो.

रबर पोलादाला झिजवते, हे ऐकून नवल वाटेल. मात्र १०० मिलिमीटर व्यासाचा शाफ्ट मिनिटाला २,८०० फेरे घेत असेल, तर सीलच्या कडेखालून सेकंदाला सुमारे साडेचौदा मीटर पृष्ठभाग सरकतो. उष्णतेने रबर कडक होते, धूळ आणि तेलातील काजळीचे कण त्यात रुततात आणि ती कड सहाणेसारखी घासू लागते. पट्ट्यावर गोलाकार चर पडतो. नव्या सीलची कड त्याच चरात उतरते, तिचा दाब कमी पडतो आणि तेलाला वाट मिळते.

हे तेल क्लच प्लेटवर पोचले, की भरलेली गाडी नेमकी घाटाच्या चढावर दगा देते. एकाच ट्रकवर पोट असलेल्या मालकाला क्रँक उतरवून पूर्ण इंजिन खोलणे परवडत नाही. बहुतेक वेळा त्याची गरजही नसते.

गिअरबॉक्स खाली घेण्यापूर्वी तेल नेमके कुठून येते, हे पाहावे. टॅपेट कव्हरचे तेल ओघळून मागच्या बाजूस साचते, तेलाच्या चेंबरचे पॅकिंगही गळते. गिअर ऑइल तर त्याच्या उग्र वासावरूनच ओळखू येते. ब्रीदर तुंबला असेल किंवा पिस्टन रिंग झिजून इंजिनाच्या पोटात दाब साठत असेल, तर कितीही उत्तम सील टिकणार नाही. मेन बेअरिंग सैल झाले असल्यास शाफ्ट मध्यापासून हलतो. तेथे सीलवर खर्च करणे व्यर्थच. आधी बेअरिंगचे काम करावे.

फ्लायव्हील काढल्यावर पट्टा पुसून त्यावर आडवे नख फिरवावे. नख अडकले, तर चर दखल घेण्याजोगा आहे. हाऊसिंगमध्ये जागा असेल, तर सील दोन-तीन मिलिमीटर पुढे-मागे बसवून कड न झिजलेल्या भागावर आणणे हा सर्वांत स्वस्त उपाय. तेलाची छिद्रे मात्र झाकली जाता कामा नयेत.

जागा नसल्यास पातळ पोलादी स्लीव्ह चढवावी. ‘एसकेएफ’च्या ‘स्पीडी-स्लीव्ह’ची भिंत अवघी ०.२८ मिलिमीटर असते. त्यामुळे मूळ मापाचेच सील चालते. जाड स्लीव्हसाठी मोठ्या मापाचे सील लागते. न झिजलेल्या भागाचा व्यास मायक्रोमीटरने तीन ठिकाणी मोजून स्लीव्ह निवडावी. उंचवटे घासून काढावेत, खोल चर धातुमिश्रित इपॉक्सीने भरावा आणि ते घट्ट होण्याआधीच स्लीव्ह बसवावी. कडेची चकती शाफ्टकडे ठेवून, सोबतच्या टोपीवर हलके ठोकत ती सरळ चढवावी. स्लीव्हवर थेट हातोडी मारली, की ती वाकलीच.

वेल्डिंगने चर भरून लेथवर घासण्याचा सल्ला अनेक जण देतात. तो धोक्याचा आहे. उष्णतेने क्रँक वाकू शकतो, त्याला तडा जाऊ शकतो. इंजिन तसेही खोलायचेच असेल, तर धातूचा फवारा किंवा क्रोमचा थर देऊन योग्य ग्राइंडिंग करून घेणे रास्त. तयार पृष्ठभागाचा खडबडीतपणा सरासरी ०.२ ते ०.८ मायक्रॉन असावा आणि त्यावर लेथची मळसूत्री रेघ राहू नये. ती रेघ फिरत्या शाफ्टवर पंपासारखी तेल बाहेर ओढते. हाताने तिरका पॉलिश पेपर मारल्यानेही हेच घडते.

काही जुन्या इंजिनांत मागे रबरी सीलऐवजी ग्रॅफाइटयुक्त दोरीचे दोन अर्धे तुकडे असतात. टाटा आणि डेमलर-बेंझ यांचा करार १९५४ ते १९६९ असा चालला. त्या परंपरेतील इंजिने हाताळताना आधी सीलचा प्रकार पाहावा. दोरीच्या जागी शाफ्टवर तेल मागे लोटणारे आटे कोरलेले असतील, तर ते झीज समजून घासू नयेत.

रबरी सीलच्या कडेला बसवताना तेल लावावे. पीटीएफईचे सील मात्र कोरडेच बसवायचे असते. हाऊसिंग शाफ्टशी समकेंद्री आहे का, हे डायल गेजने तपासावे. क्लच प्लेट तेलाने भिजली असेल, तर ती धुऊन पुन्हा लावण्यापेक्षा बदलावी. पेट्रोलने धुतलेल्या प्लेटमध्ये मुरलेले तेल तापल्यावर पुन्हा वर येते.