धुळाक्षरांपासून वहीपर्यंत: स्वमग्न मुलाचा हात आणि अक्षर

पालकहो, ‘धुळाक्षरे’ हा शब्द तुम्ही ऐकला असेल. पंतोजींच्या शाळेत मूल आधी पाटीवर पसरलेल्या धुळीत बोटाने किंवा काडीने अक्षर गिरवायचे. बोरू आणि शाई हातात यायची ती पुष्कळ नंतर. आधी हात तयार व्हायचा, मग लेखणी यायची.

युरोपात हीच वाट डॉक्टरांनी दाखवली. 19व्या शतकात फ्रान्सच्या एदुआर सेगँ यांनी ‘शिकूच शकत नाहीत’ असे म्हटल्या गेलेल्या मुलांना हाताच्या कामातून शिकवले. त्यांचे काम अभ्यासून डॉ. मारिया माँटेसरी यांनी इटलीत अशाच मुलांना बोटाने अक्षरे गिरवायला दिली. 1907 साली रोममध्ये त्यांची पहिली बालशाळा सुरू झाली. त्यांची खरखरीत कागदाची अक्षरे आजही बालवाड्यांत दिसतात. आपल्याकडे ताराबाई मोडक यांनी 1945 पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला बिया, खडे, शिंपले हेच शिक्षणाचे साहित्य केले.

स्वमग्नतेचे (ऑटिझमचे) वर्णन लिओ कॅनर यांनी 1943 मध्ये केले. पुढच्याच वर्षी व्हिएन्नाच्या हान्स अ‍ॅस्परगर यांनी अशा काही मुलांच्या अवघडलेल्या हालचाली आणि बिघडलेले अक्षर नोंदवले. तरीही आज ‘हुशार आहे, पण लिहायला आळशी’ असा शिक्का बसतो आणि मूल मार खाते. तो आळस नव्हे. बोटांची ताकद, हालचालींची आखणी, डोळा आणि हाताचा मेळ, स्पर्शाची संवेदना यांपैकी कुठेतरी अडचण असते.

ती शोधण्याचे काम ऑक्युपेशनल थेरपिस्ट करतात. कमलाबाई निंबकर यांच्या पुढाकाराने 1950 साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात या शास्त्राचे शिक्षण सुरू झाले.

आपल्या जळगाव-धुळ्याच्या घरात सरावाचे साहित्य विकत आणावे लागत नाही. भुईमुगाच्या शेंगा फोडणे, कापसाच्या वाती वळणे, भाकरीचे पीठ मळणे, वाळत घातलेल्या कपड्यांना चिमटे लावणे ही सगळी बोटांची तालीमच आहे. रोज दहा मिनिटे पुरतात. दाणे नाका-तोंडात जाऊ नयेत म्हणून जवळ बसा. ओल्या पिठाचा स्पर्श मुलाला सहन होत नसेल तर बळजबरी नको. कोरड्या वस्तूंपासून सुरुवात करा. मग ताटात रवा पसरून उभ्या-आडव्या रेघा, गोल आणि त्यानंतर ग, म, भ, न. आखूड, जाड पेन्सिल आणि वही सर्वांत शेवटी. पाय जमिनीला टेकलेले असावेत.

येणारी गोष्ट मूल विसरू लागले, किंवा एकच हात कमजोर वाटला, तर मात्र थांबू नका, डॉक्टरांना दाखवा.

काही मुलांना एवढे करूनही लिहिणे जड जाते. त्यांच्यासाठी संगणक आणि परीक्षेत लेखनिक हे मार्ग आहेत. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे, म्हणून शाळेकडे सवलत मागताना संकोच नको. मुलाला मनातले सांगता यावे, यासाठी लिहिणे असते. सुवाच्य अक्षर त्यानंतर.