पाठ्यपुस्तक जेव्हा तबकडी झाले

१/७
पाठ्यपुस्तक हे पुस्तकच असले पाहिजे काय? १९९० साली अमेरिकेतील टेक्सास राज्याच्या शिक्षण मंडळाने याचे उत्तर ‘नाही’ असे दिले. प्राथमिक शाळेतील विज्ञानासाठी ‘विंडोज ऑन सायन्स’ हा व्हिडिओ डिस्कचा संच मंडळाने पाठ्यपुस्तकाचा पर्याय म्हणून मंजूर केला. असे करणारे ते अमेरिकेतील पहिले राज्य.

२/७
ही ‘लेझरडिस्क’ १९७८ च्या अखेरीस घरी चित्रपट पाहण्यासाठी बाजारात आली होती. आकार ग्रामोफोनच्या मोठ्या तबकडीएवढा, सुमारे ३० सेंटीमीटर. मात्र सुईऐवजी लेझर किरण. घरोघरी व्हिडिओ कॅसेटच जिंकली, कारण कॅसेटवर रेकॉर्डिंग करता येई, डिस्कवर नाही.

३/७
वर्गात मात्र डिस्कचे पारडे जड ठरले. तिच्या एका बाजूवर ५४,००० चित्रे मावत. सलग लावल्यास तो अर्ध्या तासाचा चित्रपट. सुटी घेतल्यास प्रचंड चित्रसंग्रह. प्रत्येक चित्राला क्रमांक असे. चित्र थांबवले की किरण त्याच वर्तुळावरून फिरत राही. कशाचा स्पर्श नाही, म्हणून झीजही नाही.

४/७
शिक्षकांच्या पुस्तिकेत बारकोड छापलेले असत. त्यावरून पेनासारखे उपकरण फिरवले की हवे ते दृश्य पडद्यावर येई. ज्वालामुखीचा उद्रेक मध्येच थांबवून ‘आता पुढे काय होईल?’ असे मुलांना विचारता येई. दूरचित्रवाणीचा कार्यक्रम शिक्षकाला गप्प बसवी. डिस्कने प्रश्न विचारण्याची जागा त्याला परत दिली.

५/७
या मंजुरीचे महत्त्व व्यावहारिकही होते. टेक्सासमध्ये मंजूर यादीतील पाठ्यपुस्तकांचा खर्च राज्य उचलत असे. एवढ्या मोठ्या बाजारपेठेच्या निर्णयाकडे देशभरातील प्रकाशकांचे लक्ष असे. ‘पाठ्यपुस्तक’ या शब्दाची व्याख्या बदलली, म्हणजे सार्वजनिक पैशाची वाटही बदलली.

६/७
तंत्रज्ञान मात्र अल्पायुषी ठरले. सीडी-रॉम, डीव्हीडी आणि इंटरनेट यांनी डिस्कला मागे सारले. २००९ मध्ये पायोनियर कंपनीने प्लेअरचे उत्पादन थांबवत असल्याचे जाहीर केले. काही डिस्कमधील अॅल्युमिनियमचा थर गंजून चित्रही बिघडत जाते.

७/७
१९९० चे छापील पाठ्यपुस्तक आजही सहज उघडून वाचता येते. त्याच काळातील डिस्कवरचा धडा पाहण्यासाठी चालू स्थितीतील यंत्र शोधावे लागते. एका पिढीला विज्ञान कसे शिकवले गेले, याचे हे अस्सल साधन आहे. ते जपायचे तर डिस्कबरोबर प्लेअर आणि बारकोडची पुस्तिकाही जपावी लागेल. आजचे शालेय ॲप उद्याच्या इतिहासकाराच्या हाती पडावे, अशी इच्छा असेल, तर ही तजवीज आत्ताच करायला हवी.