सिद्धगिरी ग्रामजीवन संग्रहालय, कणेरी

कोल्हापूर जिल्ह्यात, करवीर तालुक्यातील कणेरी येथे काडसिद्धेश्वर मठाच्या आवारातील खुले शिल्पसंग्रहालय. मठाधिपती अदृश्य काडसिद्धेश्वर स्वामी यांच्या संकल्पनेतून ते उभे राहिले. लोकांच्या तोंडी 'मेणाचे पुतळे' असले, तरी पूर्णाकृती पुतळे सिमेंटचे, रंगवलेले आहेत. यंत्रे येण्यापूर्वीचे स्वयंपूर्ण गाव हा येथील विषय. मोट हाकणारा शेतकरी, भात्यापाशी बसलेला लोहार, चाकावर मडके घडवणारा कुंभार आणि इतर बलुतेदार-अलुतेदार कामात गुंतलेले दिसतात. ही कामे सोडून पिढ्या लोटल्या असताना कारागिराची बैठक आणि अवजारावरची पकड नेमकी कशी होती, याची नोंद म्हणून या संग्रहालयाचे मोल मोठे आहे.

स्वयंपूर्णतेचा दावा मात्र तपासून घ्यावा लागतो. लोहाराचे लोखंड बहुधा गावाबाहेरून येई; मीठ कोकणातून बैलांच्या पाठीवरून घाट चढे. शिवाय बलुते म्हणजे नुसते कसब नव्हे, तर कामापोटी मिळणारा धान्याचा हक्कही. खळ्यावर धान्याची वाटणी थोरली, मधली व धाकटी अशा ओळींनी होई आणि कोणत्या जातीची कोणती ओळ, हे ठरलेले असे. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' (१९१५) या ग्रंथात हे हक्क आणि त्यांवरून होणारे तंटे नोंदलेले आहेत. महाराच्या वाट्याला सांगावे पोचवणे, मेलेली जनावरे ओढणे, सरकारी वेठ अशी वतनाची कामे होती. त्यांना दाखवण्याजोगे अवजारच नाही, म्हणून अवजारांभोवती रचलेल्या देखाव्यात सर्वांत जड श्रम सर्वांत कमी दिसतात. याच जाचातून सोडवण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात वतनविषयक दुरुस्ती विधेयक मांडले. कनिष्ठ गाववतने १९५८ च्या कायद्याने रद्द झाली. संग्रहालयाचा हेतू कारागिराचा गौरव करणे हा आहे, तेथे जातीचा हिशेब कशाला, असा आक्षेप येऊ शकतो. पण लोहाराला फाळाबद्दल किती पायल्या मिळत आणि त्या नाकारण्याची मुभा त्याला होती का, हे सांगितल्याने त्याचा मान उणावत नाही. उलट पुतळ्यातला माणूस कोणत्या अटींवर राबत होता, ते शाळेतल्या मुलालाही समजते.

मठाचे रुग्णालय, गोशाळा व कृषी विज्ञान केंद्र आहे. गोकुळ शिरगाव औद्योगिक वसाहत जवळ. ऊस हे परिसरातील प्रमुख पीक.