एका कसोटीची कुळकथा

एखादा विधी धर्माचा गाभा आहे की नाही, हे आपल्याकडे न्यायालय ठरवते. शबरीमला असो की हिजाब, ‘अत्यावश्यक धर्माचार’ हे शब्द कानांवर येतातच. राज्यघटनेच्या पंचविसाव्या किंवा सव्विसाव्या कलमात मात्र ते सापडत नाहीत. ही कसोटी न्यायालयात जन्मली, तिथेच वाढली, आणि वाढता वाढता तिचा स्वभाव पार पालटला.

तिचे एक मूळ मुंबईत आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मुंबई उच्च न्यायालयापुढे एका पारशी विश्वस्तनिधीचा वाद आला. मृतांसाठी होणाऱ्या मुक्तादच्या विधींवर कायमचा पैसा खर्चण्याची तरतूद धर्मादाय मानायची का? न्यायमूर्ती होते दिनशा दावर. १९०८ साली टिळकांना सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा सुनावणारे तेच. त्यामुळे मराठी मनात त्यांच्याविषयी अढी आहे, पण इथे त्यांनी मोठी गोष्ट केली. समाजाची तशी श्रद्धा असेल तर न्यायाधीशाने ती मान्य करून चालावे, तिचा निवाडा करायला बसू नये, असे त्यांनी सांगितले.

दुसरे मूळ ऑस्ट्रेलियातले. १९४१ साली, ऐन महायुद्धात, तिथल्या सरकारने ‘जेहोवाज विटनेसेस’ या पंथावर बंदी आणली. १९४३ च्या निकालात धर्मस्वातंत्र्याच्या कलमाचा आधार पंथाला मिळाला नाही. सरकारचे नियम वेगळ्या कारणाने कोसळले. पण सरन्यायाधीश लॅथम यांनी दोन गोष्टी लिहून ठेवल्या. हे संरक्षण अल्पसंख्यांसाठी, त्यातही लोकांना नकोशा असलेल्यांसाठी आहे. आणि ते श्रद्धेइतकेच आचारालाही लागू आहे.

तिसरे मूळ संविधान सभेतले. २ डिसेंबर १९४८ रोजी डॉ. आंबेडकर म्हणाले की आपल्याकडे धर्माने जन्मापासून मरणापर्यंतचे सगळे जगणे व्यापले आहे; तेव्हा धर्माची व्याख्या श्रद्धा आणि खरोखर धार्मिक असलेले विधी यांच्यापुरतीच ठेवली पाहिजे. वारसा, जमीन, कूळकायदा यांत कायद्याला हात घालता यावा, हा त्यांचा रोख होता. धार्मिक काय आणि ऐहिक काय, एवढीच रेषा त्यांना आखायची होती.

१९५४ साली उडुपीच्या अष्टमठांपैकी शिरूर मठाचा खटला सर्वोच्च न्यायालयात आला. मद्रास सरकारला मठाच्या कारभारावर ताबा हवा होता. न्यायमूर्ती बिजनकुमार मुखर्जी यांनी लॅथम यांचा आधार घेतला आणि ठरवले की धर्माचा आवश्यक भाग कोणता, हे मुख्यतः त्या धर्माच्याच शिकवणीवरून पाहायचे. देवाला ठरल्या वेळी नैवेद्य दाखवण्यात पैसा खर्च होतो, म्हणून काही तो ऐहिक व्यवहार ठरत नाही. त्याच वर्षी मुंबईच्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याविरुद्ध जैनांनी आणलेल्या खटल्यात त्यांनी दावरांचे म्हणणेही पुढे आणले. इथवर कसोटी म्हणजे पंथाच्या हातातली ढाल होती.

वळण दिले साताऱ्याच्या गजेंद्रगडकरांनी. संस्कृत पंडितांच्या घरातला हा न्यायाधीश सुधारणेच्या बाजूने ठाम उभा होता. १९६१ च्या अजमेर दर्ग्याच्या निकालात त्यांनी लिहिले की काही प्रथा निव्वळ अंधश्रद्धेतून आलेल्या, धर्मावर मागाहून चढलेल्या असू शकतात. त्यांना संरक्षण नाही. १९६६ साली याच दृष्टीने त्यांनी अहमदाबादच्या स्वामीनारायण सत्संगींचा ‘आम्ही हिंदू नाही’ हा दावा फेटाळला आणि दलितांना मंदिराचे दार उघडे झाले. निकालाचे फळ न्याय्यच होते. पण तिथे पोचताना कोणत्या पंथाला त्याचाच धर्म कळलेला नाही, हे सांगण्याचा अधिकार न्यायाधीशाकडे आला.

त्याची झळ सर्वांत जास्त लागली नव्या पंथांना. आनंद मार्ग १९५५ साली बिहारमधल्या जमालपूरला सुरू झाला. तांडव नृत्य हा त्यातला विधी गुरू प्रभात रंजन सरकार यांनी १९६६ साली घालून दिला. कवटी, त्रिशूळ, सुरी घेऊन रस्त्यावर तांडव करायला कोलकात्याच्या पोलिसांनी १९७९ पासून मनाई केली. १९८३ साली सर्वोच्च न्यायालय म्हणाले, मार्ग ५५ चा, तांडव ६६ चे, म्हणजे ते अत्यावश्यक नव्हे. पुढे गुरूंनी आचारग्रंथातच सार्वजनिक तांडव सांगितले. २००४ साली बहुमताने उत्तर दिले की गाभ्यात मागाहून भर घालता येत नाही.

हा युक्तिवाद मला मान्य नाही. ज्याचा गुरू हयात आहे, त्या पंथाचा आचार घडतच असतो. त्याला वयाचा दाखला मागणे म्हणजे नवेपणालाच दोष देणे होय. रस्त्यावरच्या सुऱ्यांची काळजी खरीच होती. पण तिच्यासाठी पंचविसावे कलम सुरुवातीलाच सार्वजनिक सुव्यवस्थेची मर्यादा घालते. मनाईची बाजू तेवढ्यावर तोलता आली असती, मार्गींना त्यांचा धर्म शिकवण्याची गरज नव्हती.

दुसरी वाटही मोकळी होती. केरळात जेहोवाज विटनेसेस कुटुंबातली तीन मुले राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, पण गात नसत, म्हणून १९८५ साली शाळेतून काढली गेली. पुढच्याच वर्षी न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांनी त्यांना परत घ्यायला लावले. त्यांनी पाहिले ते एवढेच, की श्रद्धा मनापासूनची आहे का. आणि त्यासाठी दावर व लॅथम या दोघांनाही साक्षीला घेतले. २००४ च्या बहुमताने ही वाट धरली नाही. तीन न्यायाधीशांपैकी एकट्या न्यायमूर्ती लक्ष्मणन यांनी असहमती नोंदवून मार्गींच्या बाजूने झालेला कलकत्ता उच्च न्यायालयाचा निकाल उचलून धरला.