मद्रासचे कापड आणि घरची गोधडी

मद्रास शहराच्या इतिहासाचा आरंभ कापडापासून होतो, हे आता नव्याने सांगण्याची गरज उरलेली नाही. १६३९ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या फ्रान्सिस डे याने दामर्ला वेंकटाद्री नायकाकडून किनाऱ्यावरची जागा मिळविली, ती बंदर चांगले म्हणून नव्हे. तेथे बंदर नव्हतेच. गलबते दूर लाटांत उभी राहत आणि माल पडावांतून किनाऱ्याला येई. या भागात सुती कापड स्वस्त मिळत होते, हे त्या निवडीमागचे ठळक कारण होते. पुढे गव्हर्नर कॉलेट याच्या नावाने तिरुवोट्रियूरजवळ विणकरांची कालाडिपेट ही वस्ती झाली, १७३४ साली विणकर व सूत कातणाऱ्यांसाठी चिंताद्रिपेट वसविण्यात आले, आणि कापड धुऊन पांढरे करणाऱ्या परिटांच्या वस्तीचे नाव वण्णारपेट्टै आजही टिकून आहे. कंपनीच्या दप्तरांत या कापडाची लांबी, रुंदी, पोत, किंमत, सारे काही सापडते.

परंतु या नोंदी ठाणाच्या आहेत. ठाण फाडले गेले, त्याचे वस्त्र झाले, ते कोणी वर्षानुवर्षे नेसले आणि शेवटी विरले, या पुढच्या प्रवासाचा हिशेब कोणत्याही दप्तरात नाही. तो असलाच तर गोधडीत असतो.

प्रस्तुत विचाराला निमित्त झाली ती मैलापूरमधील एका तंजावर-मराठी कुटुंबात पाहिलेली गोधडी. घरातील वृद्ध आजींनी ती पणतीसाठी शिवली होती. पाहायला आम्हांला गच्चीवर जावे लागले, कारण पणतीने ती ओली केली होती आणि ती दोरीवर वाळत होती. वरच्या बाजूस शिंप्याकडून परत आलेले पोलक्यांचे तुकडे, एका चौकड्याच्या लुंगीचा भाग आणि परकराचे काठ. आत धुऊन धुऊन मऊ झालेल्या दोन वेष्ट्या. खाली आजींचे स्वतःचे सुती नऊवारी. रेशमाचा तुकडा एकही नव्हता. कांचीपुरमच्या इतक्या जवळ राहून रेशीम का नाही, या प्रश्नावर आजींनी दिलेले उत्तर कोणत्याही वस्त्रतज्ज्ञाला मान्य होईल: रेशीम घसरते आणि टाका धरीत नाही.

शिवणीची पद्धत महाराष्ट्रातल्या देशावरच्या गोधडीचीच होती. थर एकमेकांवर अंथरून, सुरकुत्या हाताने निपटून, कडेने सुरुवात करायची आणि धावदोऱ्याच्या ओळी आत आत आणीत मध्यावर संपवायच्या. अशा शिवणीत कापड मध्याकडे थोडे चुणते आणि पृष्ठभागावर बारीक लाटा उठतात. या लाटा शोभेच्या नाहीत. त्यांच्यामुळे थर सरकत नाहीत आणि मधली हवा ऊब धरून ठेवते. उत्तर कर्नाटकातील कौदी आणि यल्लापूर-हल्याळ परिसरातील सिद्दी स्त्रियांची कवंदी या गोधडीच्या सख्ख्या बहिणी होत.

येथे एक अडचण उभी राहते. ज्या शहरात जानेवारीतल्या रात्रीही तापमान विसाच्या आसपास राहते, तेथे उबेसाठी गोधडी कशाला? तमिळ घरांत जुन्या सुती साडीचा पहिला वारस बाळच असतो, पण वेगळ्या रीतीने. आईची किंवा आजीची साडी तुळईला बांधून तिची ‘तूळि’ म्हणजे झोळी करतात आणि बाळ तीत झोपते. त्यात हवा खेळते; हवामानाला हेच अधिक शोभते. ‘कंदै’ हा तमिळ शब्द चिंधीचा व विटक्या वस्त्राचा वाचक आहे, आणि तो संस्कृत ‘कंथे’शी जोडला जातो. मराठीत नाथजोग्याची कंथा आणि संसारी माणसाची गोधडी एकाच कुळातल्या. चिंध्या पांघरणाऱ्या गाडगेबाबांना (१८७६–१९५६) लोक गोधडे महाराज म्हणत. म्हणजे आजींच्या हाताशी दोन्ही परंपरा होत्या. त्यांनी तूळिही बांधली होती आणि गोधडी तिच्यात अंथरली होती! अडचण आम्हां अभ्यासकांची होती, त्यांची नव्हे.

मग ही कला तंजावरच्या मराठ्यांनी दक्षिणेत आणली असे म्हणावे काय? आपल्याकडील काही उत्साही लेखनात अशी विधाने सहज केली जातात. व्यंकोजीराजांनी १६७५-७६ च्या सुमारास तंजावर घेतले. १८५५ मध्ये दुसरे शिवाजीराजे वारल्यावर ते राज्य संपले. त्यानंतर मराठी कुटुंबे नोकरी-शिक्षणासाठी मद्रासकडे अधिक येऊ लागली. त्याही आधी कुंभकोणमला जन्मलेले टी. माधवराव (१८२८–१८९१) मद्रासला शिकून पुढे त्रावणकोर, इंदूर व बडोदे या संस्थानांचे दिवाण झाले होते. एवढा इतिहास पक्का आहे. त्यात गोधडी कोठेही नाही. तंजावरच्या मोडी कागदांत राजवाड्याच्या खर्चाचे हिशेब आहेत. परंतु हिशेब खर्चाचा असतो, आणि गोधडीला खर्च नसतो. तिची नोंद होत नाही ती याच कारणाने.

तुकडे जोडण्याचे एक वैभवशाली काम तंजावर भागात आहे खरे. देवळांतून व रथांवर टांगायच्या ‘तोंबै’ नावाच्या नळकांड्यासारख्या झालरी आणि ‘आस्मानगिरी’ हे चौकोनी छत यांवर रंगीत कापड कापून, चिकटवून, शिवून आकृती उठविलेल्या असतात. ‘आस्मानगिरी’ हा फारसी घडणीचा शब्द दख्खनच्या दरबारी भाषेतून तेथे गेला असावा, असा तर्क करता येतो. पण नाव प्रवास करते म्हणून वस्तूही त्याच वाटेने गेली असे ठरत नाही. शिवाय ते काम देवासाठी नव्या कापडाचे. गोधडी माणसासाठी, जुन्याची.

त्या मानाने एक दुर्लक्षित धागा अधिक भरवशाचा वाटतो. एडगर थर्स्टन यांच्या १९०९ साली मद्रासहून प्रसिद्ध झालेल्या दक्षिण भारतातील जातीजमातींवरील सात खंडांच्या ग्रंथात रंगारी जातीची नोंद आहे. तेलुगू जिल्ह्यांतून पसरलेले, रंगकाम व शिवणकाम करणारे हे लोक मूळचे मराठे असून मराठी बोलतात, असे तीत म्हटले आहे. राजे, दिवाण आणि पंडित यांच्याखेरीज सुईदोरा घेऊन दक्षिणेत आलेलेही मराठी भाषक होते. शिंपी नामदेवांची परंपरा सांगणाऱ्या आपल्या वाङ्मयेतिहासाने त्यांच्याकडे फारसे पाहिलेले नाही, ही उणीव मान्य करावी लागेल. शिंप्याच्या घरी चिंध्यांचा तोटा नसतो. घरच्या गोधडीचा शोध तेथून घेण्यासारखा आहे.

जाता जाता मद्रासच्याच कापडाची एक गंमत. चौकड्याचा ‘मद्रास’ अमेरिकेत लोकप्रिय झाल्यावर निरनिराळ्या चौकड्यांचे तुकडे मुद्दाम कापून, जोडून त्यांचे सदरे व विजारी शिवण्याची रीत तेथे रुळली. ठिगळ हा तेथे हौसेचा प्रकार झाला. आजींच्या गोधडीतली लुंगी त्याच घराण्यातली होती. तिच्यावर फॅशनचा कसलाही परिणाम झाला नव्हता, कारण ती आधी यजमानांनी अकरा वर्षे नेसली होती.

नातसुनेची इच्छा गोधडी काचेच्या चौकटीत बसवावी अशी होती. आजींनी ती मान्य केली नाही. तेव्हा आम्ही दुसरा मार्ग सुचविला: कोणता तुकडा कोणाचा, हे लिहून ठेवावे. गच्चीवरच दोरीपाशी उभे राहून आजींनी बोट ठेवीत सांगितले, आणि आम्ही उतरवून घेतले. वरच्या बाजूच्या एकोणीस तुकड्यांपैकी तेरा ओळखू आले. थोरल्या नणंदेचे पोलके, धाकट्या मुलीचा शाळेतला परकर, शेजारच्या मामींनी दिलेली चिंधी. सहा तुकड्यांवर बोट थांबले आणि पुढे गेले. त्या सहांपुढे कागदावर जागा कोरी सोडली आहे. यादीची एक प्रत नातसुनेने मागून घेतली.